इफिसातली दंगल आणि आपली गावे

वाचनासाठी : प्रेषितांची कृत्ये 19 : 23 ते 41

दंगल झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळे एकच म्हणतात, "समाजकंटकांनी केली." हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो उच्चारला की पुढे विचार करावा लागत नाही. पण समाजकंटक तर गावात रोजच असतात. मग दंगल रोज का होत नाही? रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा आणि मग वरील ओव्या सावकाश वाचाव्यात.

लूक इफिसातल्या दंगलीची सुरुवात देवळापासून करीत नाही, धंद्यापासून करतो. देमेत्रिय सोनार अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे करी आणि पुष्कळ कारागिरांचे पोट त्या कामावर चाले. पौलाच्या शिकवणीमुळे गिऱ्हाईक तुटेल, ही त्याची धास्ती होती. कारागिरांच्या बैठकीत तो आधी मिळकतीचे बोलतो, देवीच्या थोरवीचे नंतर. बाहेर मात्र मिळकतीचा शब्द कोणी काढीत नाही. तेथे नुसता देवीचा जयजयकार. सोनारांच्या धंद्यासाठी सारे शहर धावले नसते, देवीसाठी धावले. नाटकगृहात जमलेल्यांपैकी बहुतेकांना आपण कशासाठी आलो हेच ठाऊक नव्हते, तरी लोक दोन तास ओरडत होते. आणि हाती सापडले कोण? पौल नव्हे, तर त्याचे सोबती गायस व अरिस्तार्ख.

एवढ्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या : आतले दुखणे, बाहेरचे निशाण आणि हाताशी सापडलेला माणूस.

आता आपल्याकडे येऊ. गोव्यातील राजभाषेचा वाद पेडणे-डिचोलीच्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको; पण आज वर्गात बसणाऱ्या मुलांच्या जन्माआधीची ती गोष्ट आहे. 1985 च्या जुलैत कोकणीला राजभाषा करण्याचे खासगी विधेयक विधानसभेत आले व फेटाळले गेले. त्यातून कोंकणी प्रजेचो आवाज ही संघटना उभी राहिली. दुसऱ्या बाजूस मराठी राजभाषा प्रस्थापन समिती होती. 1986 च्या डिसेंबरात रस्ते अडवले गेले, वाहनांवर दगड आले, माणसे मेली. 4 फेब्रुवारी 1987 रोजी कायदा झाला. देवनागरीतील कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरासही वाट ठेवली गेली. त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा घटक राज्य झाले.

निशाण भाषेचे होते. दुखणे कोणते होते? त्यासाठी मागे जावे लागते. बार्देस, तिसवाडी, सासष्टी हा मुलूख पोर्तुगिजांकडे सोळाव्या शतकात गेला. पेडणे, डिचोली, सत्तरी अठराव्या शतकाच्या अखेरीस. या अंतरामुळे नव्या काबिजादीत भजन, कीर्तन आणि दशावतार यांबरोबर मराठी टिकून राहिली. 1961 नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी शाळा काढल्या आणि कुळांच्या, मुंडकारांच्या घरातली पहिली पिढी पाटीवर अक्षरे गिरवू लागली. त्या मुलाला मराठी म्हणजे केवळ साहित्य नव्हते, नोकरीचे दार होते. ते दार बंद होईल, असे त्याच्या बापाला वाटले.

सासष्टीतल्या बापाची भीती वेगळी नव्हती. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात 1,72,191 मते वेगळ्या गोव्यासाठी पडली, 1,38,170 महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी. पेडणे, डिचोली, सत्तरीत विलीनीकरणाचे पारडे जड होते. मराठी राजभाषा झाली तर विलीनीकरण मागच्या दाराने येईल, असे तिकडच्यांना वाटे. दोन्ही घरांत प्रश्न एकच : उद्या कचेरीत आपल्या मुलाला कोण विचारील? पण तो प्रश्न एकत्र बसून कोणी विचारला नाही. पुढाऱ्यांना निशाण अधिक उपयोगाचे होते.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आमच्या घरात मराठी वर्तमानपत्र येई. त्या दिवसांत तिकडून आलेला दगड आम्हाला गुंडगिरी वाटे आणि इकडून गेलेला दगड संताप वाटे. तिकडे कोणी मेले की आम्ही प्रथम विचारीत असू, "तो तेथे गेलाच कशाला?" घरी प्रार्थना रोज होत होती, हेही सांगितले पाहिजे.

दंगलीमागून लूट येते. लुटीत काय नेले व काय जाळले, यावरूनही दुखणे ओळखता येते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी आठवडी बाजार होता. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे व वह्या जाळल्या. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत ही लाट पसरली, पण माणसांना इजा थोडी झाली. अमेरिकेतील यादवी संपल्यावर कापसाचा भाव पडला होता, सरकारने सारा वाढवला होता आणि जमीन सावकाराकडे चालली होती. यांतला सावकार तेवढा शेजारी राहत होता; सारा वाढवणारा साहेब हाताला लागणारा नव्हता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा केला. दुखणे खरे होते, हे त्यावरून दिसते.

याच्या शेजारी 2006 च्या मार्चमधले सावर्डे-कुडचडे ठेवून पाहा. एक बांधकाम अनधिकृत प्रार्थनास्थळ आहे, असे म्हणून वाद पेटला आणि मुसलमानांची दुकाने व वाहने फोडली गेली. बांधकाम बेकायदा असेल तर त्याला कचेरी आहे. दुकानदाराच्या मालाचा त्या बांधकामाशी संबंध काय? येथे वह्या जाळल्या नाहीत, शेजाऱ्याची रोजी जाळली. देमेत्रियाने निदान आपल्या धंद्याचे नाव तरी घेतले होते.

राहिला शहराचा शिरस्तेदार. काही शिक्षक त्याला फार मोठा करतात. वास्तविक त्याला रोमी अधिकाऱ्यांना जाब द्यावा लागण्याची भीती होती. तरी तो वेळेवर उभा राहिला, कोणाची बाजू घेतली नाही आणि तक्रार असेल तर न्यायसभा आहेत, असे सांगून त्याने लोकांना घरी पाठवले. मुंबईत डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये सुमारे 900 माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या 1998 च्या अहवालात पोलिसांचा पक्षपात आणि पुढाऱ्यांची चिथावणी या दोन्हींची नोंद आहे. तेथे शिरस्तेदारच जमावाकडे झुकला होता. शिवाय न्यायसभा आहेत एवढे सांगून भागत नाही. मुंडकार कायदा 1975 चा, आणि त्याखालचे दावे मामलेदारापुढे वर्षानुवर्षे पडून राहतात. अशा माणसाला "कायद्याने जा" म्हणणाऱ्याने एकदा त्याच्याबरोबर कचेरीत जाऊन बसावे.

वर्ग घेताना मुलांचे चार गट करावेत : देमेत्रियाचे कारागीर, नाटकगृहातला जमाव, गायस व अरिस्तार्ख, आणि शिरस्तेदार. प्रत्येक गटाने त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन काय सांगितले असेल, ते लिहावे. मग कागद अदलाबदल करून दुसऱ्याचे मोठ्याने वाचावे. मोठ्या मुलांना आणखी एक काम द्यावे. 1986 साली ज्यांना कळत होते अशा दोन माणसांना, एका मराठीवाल्याला व एका कोकणीवाल्याला, त्यांनी भेटावे आणि "तुम्हाला तेव्हा कशाची भीती वाटत होती?" एवढेच विचारावे. उत्तर मध्येच तोडू नये, आणि पुढल्या रविवारी ते जसेच्या तसे वर्गात सांगावे.