वाफेचे पाणी

अक्कलकुवा, धडगावकडे मोहाची वाफ गार करून दारू काढतात. साध्या पाण्याची वाफ अशीच गार केली, की 'डिस्टिल्ड वॉटर' मिळते.

कोणी म्हणतात, हे पाणी विष आहे, हाडे झिजवते. ते खरे नाही. त्यात क्षार नसतात, एवढेच. क्षार आपल्याला भाकरी, डाळ, भाजीतून मिळतात.

कोणी म्हणतात, ते औषध आहे. तेही खरे नाही. रोजचे पाणी गाळावे, खळखळ उकळावे, झाकून ठेवावे. जंतू मरतात.

दुकानातले बॅटरीचे पाणी मात्र पिऊ नका. ते पिण्यासाठी भरलेले नसते.

मुलाला जुलाब झाले, तर नुसते पाणी पुरत नाही. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. घोट घोट पाजावे, आणि दवाखान्यात न्यावे.