मोटारीची नियंत्रक पेटी : ती काढणें व पुन्हां बसविणें

मुंबईंत वाढलेल्या विद्यार्थ्यास काळी-पिवळी टॅक्सी ठाऊक नाहीं असें सहसा घडत नाहीं. या टॅक्सींत पुष्कळ वर्षें जिचा मान मोठा होता ती प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होत असे. टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली. आणि टॅक्सीस वीस वर्षांचीच मुदत असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती आपल्या रस्त्यांवरून दिसेनाशी झाली. तिच्या बोनेटखालीं कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्यूटर असत. पेट्रोल किती जावें व ठिणगी केव्हां पडावी हें त्या दोन उपकरणांवर ठरे, आणि त्यांत बिघाड झाला तर मेस्त्री कानानें ऐकून व स्क्रू-ड्रायव्हर फिरवून तो दूर करी. तिच्यामागून आलेल्या गाड्यांत हें काम एका चपट्या पेटीकडे सोपविलेलें आहे. कारागीर तिला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. आम्ही या लेखांत तिला नियंत्रक पेटी म्हणूं.

या पेटीस किती चपळाईनें काम करावें लागतें हें एका साध्या त्रैराशिकानें ध्यानांत येईल. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असतां सेकंदास ५० फेरे होतात. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत प्रत्येक सिलिंडरांत दर दोन फेऱ्यांस एक ठिणगी पडते. म्हणजे सेकंदास एकंदर १०० ठिणग्या झाल्या. त्यांतील प्रत्येकीची वेळ व तिच्यापूर्वीं फवारावयाचें पेट्रोल पेटी ठरविते. क्रॅंक कोठवर फिरला, हवा किती आली, इंजिनाचें पाणी किती तापलें, धुरांत प्राणवायु किती उरला, ही वार्ता निरनिराळे सेन्सर तिला तारांवाटे कळवितात. धुराविषयींचे नियम कडक होत गेले, मुंबईंत २०१० सालीं भारत स्टेज चार व देशभर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आलें. इतका बारीक हिशेब कार्ब्युरेटरास साधणारा नव्हता.

आतां ही पेटी काढण्याचा प्रसंग केव्हां येतो तें पाहूं. गाडीच्या सांगाड्यास वेल्डिंग करावयाचें असेल, किंवा रंग भट्टींत भाजावयाचा असेल, तर वीज व उष्णता यांपासून जपण्यासाठीं ती काढून ठेवितात. परंतु आपल्या शहरांत मोठा प्रसंग पावसाचा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दिवशीं कुलाब्यास सुमारें ७३ मिलिमीटरच पडला. असंख्य गाड्या त्या दिवशीं पाण्यांत गेल्या. तितका पाऊस रोज पडत नाहीं हें खरें. पण दादर-परळच्या मध्यें हिंदमाता येथें भरणारें पाणी कोणास ठाऊक नाहीं? कित्येक गाड्यांत ही पेटी पुढच्या आसनाजवळ, पायांपाशीं बसविलेली असते. तेथें तिला भिजावयास गुडघाभर पाणीही लागत नाहीं.

तथापि, पेटी कशी काढावी यापूर्वीं ती काढावी कीं नाहीं हा प्रश्न आहे, आणि आमच्या मतें या विद्येचें मर्म त्यांतच आहे. समजा, लालबागच्या एका टॅक्सीवाल्याची गाडी पावसाळ्यांत सिग्नलाशीं उभी राहिली कीं बंद पडते व चेक-इंजिनचा दिवा लागतो. उतावळा कारागीर म्हणेल, "पेटी गेली." पेटी महाग; ती घेण्यास टॅक्सीवाला कर्ज काढील, आणि नवी पेटी बसवूनही गाडी पहिल्या सिग्नलास पुन्हां बंद पडेल, कारण दोष इंजिनापासून सांगाड्याकडे जाणाऱ्या गंजलेल्या अर्थिंगच्या तारेंत होता! चांगला कारागीर प्रथम बॅटरीचें बळ मोजतो, फ्यूज व रिले तपासतो, आणि स्टार्टर फिरत असतां बॅटरीचें ऋण टोक व इंजिनाचें अंग यांमध्यें मीटर धरून पाहतो. तेथें अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसला तर अर्थिंग नादुरुस्त समजावें. तारेचा दोष पेटीच्या माथीं मारणें ही या धंद्यांतील फार महाग चूक होय.

इतकें पाहूनही पेटी काढणें आवश्यक ठरलें, तर पुढील क्रम ठेवावा. प्रथम स्कॅनर लावून पेटींत नोंदलेले दोषांक कागदावर उतरून घ्यावे. बॅटरी सोडल्यावर पुष्कळ गाड्यांत ते पुसले जातात. मग चावी काढून घ्यावी व बॅटरीचें ऋण टोक आधीं सोडावें. याचें कारण सोपें आहे : सर्व सांगाडा ऋण टोकास जोडलेला असतो, म्हणून धन टोक आधीं सोडतांना पाना सांगाड्यास लागला तर मोठी ठिणगी उडते. टोक सोडल्यावर गाडीच्या पुस्तकांत सांगितला असेल तितका वेळ थांबावें. एअरबॅगच्या यंत्रणेंत सांठलेली वीज ओसरण्यास अवधि लागतो. नंतर रंग न लावलेल्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी. कनेक्टरास बहुधा एक खटका किंवा दांडी असते. ती पूर्ण उघडून कनेक्टर सरळ ओढावा, तारा धरून कधींही ओढूं नये. शेवटीं बोल्ट काढून पेटी उचलावी व कोरड्या जागीं ठेवावी. उघड्या पिनांस बोट लावूं नये.

पेटी भिजलेली असेल तर एक नियम सर्वांहून मोठा : चावी फिरवूं नये. निव्वळ पाण्यानें जितकें नुकसान होत नाहीं तितकें पाण्यांत वीज सोडल्यानें होतें. गटाराचें व भरतीचें पाणी क्षारयुक्त असतें. वीज चालूं होतांच पिना झिजूं लागतात व त्यांवर हिरवट गंज चढतो. शिवाय सिलिंडरांत पाणी शिरलें असेल तर स्टार्टर फिरवितांच कनेक्टिंग रॉड वांकण्याचें भय असतें. म्हणून बॅटरी सोडून गाडी टोचन करून न्यावी. पेटी उन्हांत वाळवून लगेच लावून पाहणें हेंही बरें नव्हे. वरून कोरडी दिसली तरी आंत क्षार राहतातच. ती उघडून स्वच्छ करण्याचें काम त्या विषयाच्या जाणकारासच द्यावें.

बसवितांना क्रम उलटा. कनेक्टरांतील प्रत्येक पिन सरळ आहे, रबरी पट्टी जागेवर आहे हें पाहून कनेक्टर हातानेंच बसवावा, खटका लागल्याचा आवाज ऐकावा. जोर लावावा लागला तर कांहीं तरी वांकडें आहे असें समजून थांबावें. पेटीस अर्थिंगची तार असल्यास ती विसरूं नये. आधीं धन, शेवटीं ऋण टोक जोडावें. मग चावी फिरवून इंजिन न लावतां दिवे पाहावे व स्कॅनरनें नवे दोषांक नाहींत याची खात्री करावी. पहिले कांहीं वेळ इंजिन उभ्या गाडींत कमी-जास्त फिरेल. पेटी आपलीं जुनीं अनुमानें पुन्हां शिकत असते.

एक सूचना उरली. दुसऱ्या गाडीची पेटी आणून लावली कीं झालें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु बहुतेक नव्या गाड्यांत चावी व पेटी यांची ओळख एकमेकांस पटवून दिलेली असते. परकी पेटी लावली तर इंजिन चालूं होत नाहीं. पेटीवरील क्रमांक जुळला पाहिजे, नंतर ती त्या गाडीस ओळखविली पाहिजे. ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारांत असो वा अन्यत्र, जुनी पेटी घेतांना पावती मागावी. पावतीवांचून आलेली स्वस्त पेटी कोणाच्या तरी चोरलेल्या गाडीची नसेलच असें सांगवत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं उद्यां कारागीर होतील, कांहीं गाडीचे मालक. दोघांनींही इतकें लक्षांत ठेवावें कीं, पेटी काढणें हें चार बोल्टांचें काम आहे. पण ती काढण्यापूर्वीं तारा तपासण्याचा धीर धरणें, आणि दोष तारेंत सांपडला तर तारेचेच पैसे घेणें, यांत कारागिराची खरी परीक्षा आहे. ज्याची गाडी त्या दिवशीं उभी राहते, त्याच्या घरची चूल त्या गाडीवर चालते.