आधी भाकरी, मग प्रार्थना

पोरी, उपाशीपोटी प्रार्थनेला बसू नकोस. जावईबापूंच्या डायलिसिसचा दिवस असो वा नसो, सकाळी भाकरीचा तुकडा आणि कपभर चहा तुझ्या पोटात गेलाच पाहिजे. माझ्या सासूबाई हेच सांगायच्या आणि पुराव्याला एलीयाला उभा करायच्या. एवढा मोठा संदेष्टा, पण रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकरी आणि पाणी उशाशी ठेवलं, ऊठ, खा म्हणाला. खाऊन तो परत आडवा झाला, तर झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाचं बोलणं झालं ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

रात्री डोळा लागला नाही तर स्तोत्रसंहिता उघड. तेविसावं लगेच नको. पाठ असल्यामुळे ते जिभेवरून नुसतं घरंगळतं. तेरावं वाच, अठ्ठ्याऐंशीवं वाच, आणि ओठ हलवून वाच. दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाणी पुष्कळ आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, तरी शास्त्रात त्याला जागा मिळालीच की! प्रभूने वधस्तंभावरून मारलेली हाकसुद्धा बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात, म्हणजे तक्रारच. तेव्हा देवाशी भांडलीस तर पाप लागेल, ही धास्ती सोड.

तुझा विश्वास कमी पडला म्हणून हे दुखणं आलं, असं कोणी म्हणालं तर चहा पाज आणि वाटेला लाव. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते, तोवरच शहाणे होते. औषधं बंद करा, नुसती प्रार्थना करा म्हणणाऱ्याला तर चहाही नको. पौलाचा सोबती लूक वैद्य होता.

पंडिता रमाबाईंचं चरित्र सवडीने वाच. आईवडील, बहीण, भाऊ आधीच गेलेले. १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढल्या वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, पण म्हणून दुःखाने पाठ सोडली नाही. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, आणि १९२२ मध्ये त्या स्वतः. तोवर मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर मात्र त्यांनी हातावेगळं केलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या पोरींनाही त्यांनी हाताला काम दिलं, छापखान्यातलंसुद्धा. तूही शिलाई मशीन झाकून ठेवू नकोस. दिवसाला एक ब्लाउज झाला तरी चालेल.

आता अवघड गोष्ट. मंडळीतल्या बायका ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात, मनापासून म्हणतात, आणि तू सांगत नाहीस. नावानिशी काम लावून दे. एकीला मंगळवारचा डबा, एखाद्या तरुणाला दवाखान्यात सोबत, कोणाला धाकट्याचा अभ्यास. दर रविवारी आपण कृपा कृपा म्हणतो, आणि शेजारणीने वाटीभर कालवण आणलं की वाटी रिकामी कशी परत करायची, याच घोरात पडतो. दे रिकामी.

उपासनेला मागच्या बाकावर बस. गाणं गळ्यात अडकलं तर नुसती उभी राहा, बाकीचे गातील. निघताना पाळकसाहेब दारात विचारतील, कशी आहेस. तेव्हा ‘बरी आहे’ म्हणून सटकू नकोस. पगार कधीपासून थांबलाय, दर खेपेला रिक्षाला किती जातात, ते आकड्यानिशी सांग.