वादळांचे मार्ग : कालच्या नोंदी, उद्याचा इशारा

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होऊ लागले की, भारत हवामानशास्त्र विभाग उपग्रह, रडार आणि जहाजांवरील निरीक्षणांच्या साहाय्याने त्याचे केंद्र निश्चित करतो. ठरावीक तासांनी नोंदलेले हे बिंदू जोडले म्हणजे वादळाचा मार्ग मिळतो. विभागाच्या ॲटलासमध्ये १८९१ पासूनच्या वादळांचे असे मार्ग संकलित आहेत.

त्यांची तुलना उद्बोधक ठरते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ने अलिबाग व मुंबई यांदरम्यान किनारा ओलांडला, ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस धडकले. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ मात्र किनाऱ्याला समांतर सरकत सौराष्ट्रात पोहोचले. समुद्र एकच, मार्ग भिन्न; कारण वादळाला दिशा देणारे वरच्या थरांतील वारे दर वेळी वेगळे असतात. जुना मार्ग शक्यता दाखवतो. अंदाज मात्र त्या दिवसाच्या वाऱ्यांवरूनच बांधावा लागतो.

शिवाय, उपग्रहपूर्व काळात भर समुद्रातील अनेक वादळे नोंदीतून निसटली असण्याची शक्यता आहे. त्यामुळे नोंदी विरळ म्हणजे किनारा सुरक्षित, असा निष्कर्ष काढता येत नाही.

नकाशावरील रेषा केवळ केंद्राचा प्रवास दाखवते, धोक्याची रुंदी नव्हे. ‘तौक्ते’ने महाराष्ट्राचा किनारा ओलांडला नाही, तरीही कोकणात घरे व बागा उद्ध्वस्त झाल्या आणि मुंबईनजीकच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा बार्ज बुडून अनेकांचे प्राण गेले. म्हणून मच्छीमारांनी व ग्रामपंचायतींनी रेषेपासूनचे अंतर न मोजता, इशाऱ्यातील संपूर्ण क्षेत्र धोक्याचे मानणेच हितावह आहे.