खिन्नता आणि नैराश्य : शिक्षकांनी जाणावयाचा भेद

मनुष्याच्या मनास खिन्नता येणे हा रोग नव्हे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव कोसळला म्हणजे शेतकरी उदास होतो. परीक्षेत मागे पडलेला मुलगा चार दिवस कोणाशी बोलत नाही. अशी खिन्नता श्रावणातील उन्हापावसाप्रमाणे कमीअधिक होते. शेजारी येऊन बसला की घटकाभर चेहरा उजळतो, आणि दिवस जातात तसतसे मन पुन्हा कामास लागते.

नैराश्य हा आजार याहून निराळा आहे. मन सतत खिन्न असणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातही गोडी न वाटणे, ही त्याची मुख्य लक्षणे होत. जोडीला झोप व भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, चित्त एकाग्र होत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, मरणाचे विचार येतात. अशी अनेक लक्षणे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, किमान २ आठवडे टिकली व नित्याची कामे अडू लागली, तर वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. मुले पुष्कळदा खिन्न दिसण्याऐवजी चिडखोर होतात, अथवा वारंवार पोट वा डोके दुखत असल्याचे सांगतात.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. अशा आपत्तीनंतरचा शोक स्वाभाविक आहे. प्रत्येक शोकाकुलास रोगी समजू नये. परंतु शोकातून काहींच्या ठिकाणी आजार उद्भवतो. ‘एवढे घडल्यावर असे होणारच’ असे म्हणून त्यांना उपचारावाचून ठेवणे हा अन्याय होय. कारण दिसते म्हणून आजार नाही असे ठरत नाही. आणि कारण दिसत नाही म्हणून ते ढोंग आहे असेही ठरत नाही.

रोगनिदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. त्याने पाहावे, ऐकावे व वाट दाखवावी. ‘मन खंबीर कर’ हा उपदेश तापाने फणफणलेल्यास ‘तापू नकोस’ म्हणण्यासारखा आहे. मरणाचे विचार येतात काय, हे एकांतात शांतपणे व स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही; उलट बोलावयास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके दूर ठेववावीत, व त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकांस तत्काळ विश्वासात घ्यावे. घरचे लोक भगताकडे जाऊ म्हणाले, तर वाद न घालता दवाखान्याचाही आग्रह धरावा.

प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. जरूर पडल्यास तेथून मोठ्या शासकीय रुग्णालयात पाठविता येते. ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. तेथे मराठीत बोलता येते. समुपदेशन, औषधे अथवा दोन्ही मिळून उपचार होतो. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

हीच कसोटी शिक्षकाने स्वतःस व आपल्या सहकाऱ्यांसही लावावी. मदत मागण्यात कमीपणा नाही.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या वर्गातील कोणाच्या वागण्यात गेल्या २ आठवड्यांत बदल झाला आहे काय?
२. आपल्या गावाहून प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर आहे, व तेथे रुग्णासोबत कोण जाऊ शकेल?