पंप सुरू करण्याआधी

मारुंजीच्या गच्च्यांवर लाकूड आलं ते टॉवरांच्या मागोमाग. हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेलं मुळशी तालुक्यातलं हे गाव बघता बघता उंच झालं, वरच्या मजल्यांना टेरेस फ्लॅट आले आणि टेरेसवरच्या टाइल्स झाकायला लाकडी पाट्यांचा डेक आला. दोन खुर्च्या, कडेने कुंड्या, संध्याकाळचा चहा. पहिला पावसाळा सरतो तेव्हा पाट्या काळवंडलेल्या असतात, कोपऱ्यात शेवाळ धरलेलं असतं. मग कुणीतरी घसरतं आणि ‘डीप क्लीनिंगवाल्यांना बोलवा’ असं ठरतं.

प्रस्तुत लेखकाच्या घरी हे गणपतीच्या तोंडावर ठरलं. दोन पोरं आली, बरोबर गाड्या धुण्याचा प्रेशर पंप आणि एक निळा कॅन. लाकूड कोणतं, कधी बसवलं, खाली काय आहे, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. स्क्वेअर फुटाचा दर सांगितला आणि पंप सुरू केला. काळा थर निघून खालून पिवळंधमक लाकूड वर आलं. घरचे खूश, पाहुणे खूश. लाकूड वाळलं तशी अनवाणी पायांना कुसळं टोचू लागली. दिवाळीच्या सुमारास दोन-तीन पाट्यांची टोकं इतकी मऊ झाली की गाडीची किल्ली दाबली तर आत रुतायची. मग खालच्या मजल्यावरचे काका वर आले. “अहो, आमच्या हॉलच्या छताला ओल धरलीय. जरा बघता का?”

नुकसानीची सुरुवात पंपापासून झाली. घरोघरी मिळणारी साधी यंत्रंसुद्धा १०० बारच्या पुढचा दाब देतात. १०० बार म्हणजे सुमारे १,४५० पीएसआय. पाइनसारख्या मऊ लाकडाला ५०० ते ६०० पीएसआय, म्हणजे जेमतेम ३५-४० बार पुरतात. इपेसारखं टणक लाकूड थोडा जास्त दाब सोसतं, पण तिथेही पंख्यासारखं पसरट पाणी सोडणारा नोझल हवा, तो फूटभर लांब धरायला हवा आणि पाणी लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरायला हवं. सुईसारखी धार रेषांमधला मऊ भाग खरवडून काढते, कडक रेषा तेवढ्या उभ्या राहतात. टोचतात त्या याच. असं फाटलेलं लाकूड पाणीही जास्त पितं, त्यामुळे ‘स्वच्छ’ केलेला डेक पुढच्या पावसात आधीपेक्षा लवकर काळा पडतो.

कॅनमध्ये ब्लीच होतं. बुरशीचा रंग त्याने उडतो, पण लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निनही त्याने झिजतं. उन्हाने ते आधीच झिजत असतं. सागवान राखाडी पडतं ते त्यामुळेच, आणि नुसता राखाडीपणा हा काही रोग नव्हे. बुरशी-शेवाळासाठी सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, पुष्कळ सौम्य. खिळ्या-स्क्रूंभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड मात्र डेकजवळ आणू देऊ नये. त्याने स्क्रू गंजतात, आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. ‘दोन्ही मिक्स केलं की डाग पटकन जातो’ असं सांगणारा माणूस भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

या पट्ट्यात लाकडाची एक खास भानगड आहे. चाकणच्या वाहन कारखान्यांत यंत्रं आणि सुटे भाग पाइनवुडच्या पेट्यांतून आणि पॅलेटवरून येतात. ते लाकूड भंगारात निघतं आणि स्वस्तात विकलं जातं. चिखलीजवळच्या कुदळवाडीतली भंगाराची दुकानं २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडली, तरी माल यायचा थांबला नाही. रंधा मारून पॉलिश केलं की हेच पाइन टेरेसवर झकास दिसतं. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असा शिक्का असतो. तो दाखवून ‘ट्रीटेड माल आहे साहेब’ असं सांगितलं जातं. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलं आहे, म्हणजे त्यातून कीड देशोदेशी जाऊ नये. पावसात ते कुजणार नाही, अशी हमी त्यात कुठेही नाही. बंदिस्त बाल्कनीत ते खुशाल वापरावं, उघड्या गच्चीवर नको. डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या पाट्यांना तर तेल-पॉलिश लागतच नाही. त्यांना पॉलिशचा दर लावणारे आहेत, हे आपलं जाता जाता.

आता काकांच्या छताकडे. डेक पाट्यांखाली कुजतो. पाट्यांमधली फट पाच-सहा मिलिमीटरची. मारुंजीत बांधकामांची धूळ बारमाही, ती फटीतून खाली उतरते आणि पावसात तिचा चिखल होऊन आउटलेटची जाळी बुजते. पाणी डेकखाली साचून राहतं, वर मात्र सगळं कोरडं दिसतं. प्रस्तुत लेखकाच्या गच्चीवर डेकची चौकट थेट स्लॅबला स्क्रूने ठोकलेली निघाली. प्रत्येक स्क्रू म्हणजे पाणी अडवणाऱ्या ब्रिकबॅट कोब्याला पाडलेलं एक भोक. चौकट भोक न पाडता पेडेस्टलवर, म्हणजे सुट्या पायांवर बसवता येते. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३)नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण गच्चीत तुमची भोकं दिसली, की बिल्डरच्या हाती आयतं उत्तर पडतं.

साचलेलं पाणी किती महाग पडू शकतं, हे अमेरिकेतल्या मराठी घरांना वेगळं सांगावं लागत नाही. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका अपार्टमेंटची बाल्कनी कोसळली आणि सहा तरुण जीव गेले. आधाराच्या लाकडी तुळया आत मुरलेल्या पाण्याने कुजल्या होत्या. त्यानंतर त्या राज्याने २०१८ आणि २०१९मध्ये कायदे करून इमारतींच्या अशा लाकडी आधारांची ठरावीक वर्षांनी तपासणी बंधनकारक केली. आपल्याकडे डेकखाली काँक्रीट असतं म्हणून जिवावरचं बेततं क्वचित, पण खालच्या घराचं छत जातंच.

तेव्हा साफसफाईला माणूस ठरवताना दराच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: हे लाकूड कोणतं, आणि तुमचा पंप किती बारचा? पहिल्याचं उत्तर तो वाकून, पाटीला हात लावून देतो का, हे बघावं. जो एखादी पाटी उचलून खाली बॅटरी मारतो, तो कामाचा. आधी कोपऱ्यातल्या एका पाटीवर नमुना करून घ्यावा आणि ती वाळल्यावरच पुढे जाऊ द्यावं, कारण ओलं लाकूड नेहमीच छान दिसतं. वापरणार त्या रसायनाचं नाव बिलावर लिहून घ्यावं. बिल असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी तक्रार करता येते. बिल नसेल तर हातात फक्त चकचकीत फोटो उरतात.

वर्षभर खरं तर फार काही लागत नाही. नरम ब्रश, बादलीभर पाणी, फटीतून फिरवायला प्लास्टिकची पट्टी. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर ते पाट्यांवर वाळू देऊ नये, पांढरे डाग राहतात. कुंड्या बुटक्या स्टँडवर ठेवाव्यात. मे महिन्यात आउटलेट उघडून बघावं, आणि मोठी धुलाई गणपतीच्या आधी न करता पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी, कारण धुतल्यानंतर तेल लावण्याआधी निदान दोन कोरडे दिवस लागतात. तेलाची गरज आहे का, हे पाण्याचे चार थेंब शिंपडले की कळतं. पाणी मण्यांसारखं वर राहिलं तर थांबावं, लगेच शोषलं तर तेल लावावं. तेल सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर लावावं, भर दुपारी लावलं तर ते आत न मुरता वर चिकट बसतं.

जवसाचं तेल वापरलं असेल तर त्याच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. वाळताना त्या आतून तापतात आणि काडी न लावता पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात किंवा उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात. कामगार निघण्याआधी हे बघायलाच हवं, कारण तो त्या सरळ तुमच्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून जातो.