रुग्ण सहायकाचे काम आणि दैनंदिन जीवनक्रिया

आंघोळ करणे, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा राखणे आणि जेवणे या सहा क्रियांना शुश्रूषाशास्त्रात ‘दैनंदिन जीवनक्रिया’ म्हणतात. अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात, जी क्रिया रुग्ण स्वतः करू शकतो तिला एक गुण आणि जिला दुसऱ्याचा हात लागतो तिला शून्य दिले जाते. जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे रुग्ण सहायक, याच्या शिक्षणाचा गाभा याच क्रियांत मदत करणे हा असून ‘पुसण्या-धुण्याचे काम’ म्हणून त्याकडे पाहणाऱ्या पालकांनी त्यातील कसब समजून घेणे आवश्यक आहे.

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून लकव्याचा रुग्ण झरी-जामणी किंवा उमरखेडकडच्या गावी परततो, तेव्हा घरची माणसे मायेपोटी त्याला घास भरवतात आणि कपडेही चढवतात. परंतु जे तो स्वतः करू शकला असता तेही दुसऱ्याने केल्यामुळे उरलीसुरली शक्ती क्षीण होत जाते. प्रशिक्षित सहायक उणे असेल तेवढाच हात लावतो. सदरा घालताना तो आधी लुळा हात बाहीत घालतो व काढताना आधी धडका हात मोकळा करतो, खुर्ची रुग्णाच्या धडक्या बाजूला ठेवतो, भरवण्यापूर्वी त्याला ताठ बसवतो म्हणजे घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलताना माकडहाड व टाचांवरची लाली पाहून परिचारिकेला कळवतो, कारण दाबामुळे होणाऱ्या जखमेची ती पहिली खूण असते. शौचाला नेताना पडदा ओढणे हाही या कौशल्याचाच भाग होय. कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या विद्यार्थ्याजवळ तर अशी एक गोष्ट आहे जी वर्गात शिकवता येत नाही: संकोचलेल्या आजीला तिच्याच बोलीत धीर देणे.

मात्र काही महिन्यांच्या या प्रशिक्षणाने कोणी परिचारिका होत नाही. त्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा नर्सिंगच्या नावाने शुल्क मागणाऱ्या संस्थेत पैसे भरण्याआधी पालकांनी परिषदेच्या मान्यतेचे पत्र पाहावे.